आधी चष्मा, मग प्रयोग

स्मरणिकेत शाळेच्या गौरवाचे चार शब्द लिहावेत, असा प्रघात आहे. ते शब्द इतरांनी लिहिले असतीलच. आम्हांस मात्र प्रयोगशाळेतील एका लहानशा वस्तूविषयी लिहावेसे वाटते. ती वस्तू म्हणजे मुलांच्या डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा.

हाटकेशच्या औद्योगिक गाळ्यांवरून जाताना पत्रा कापणारा, ग्राइंडरवर घासकाम करणारा कामगार पुष्कळदा उघड्या डोळ्यांनीच यंत्रासमोर उभा दिसतो. ठिणग्या चेहऱ्यापर्यंत उडत असतात. चष्मा का नाही, असे विचारले तर ‘सवय नाही’ एवढेच उत्तर मिळते. मग ही सवय लागावी कधी? आमच्या मते, मूल पहिल्यांदा परीक्षानळी हातात घेते त्या दिवशी.

आम्ही शिकत होतो त्या काळी प्रयोगशाळेत एप्रनही नव्हता. एका वर्गमित्राने तीव्र सल्फ्युरिक आम्लात वरून पाणी ओतले. ते उसळले आणि थेंब त्याच्या गालावर, डोळ्याच्या खाली दोन बोटांवर पडले. पाण्यात आम्ल सावकाश मिसळावे, आम्लात पाणी ओतू नये, हा नियम आम्हां सर्वांस पाठ होता. परीक्षेत त्यास गुणही मिळत. परंतु पाठ असलेला नियम हाताला ठाऊक नव्हता. मित्राचा डोळा वाचला तो केवळ योगायोगाने. मुलांचे डोळे योगायोगावर सोपवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

यावर काही आक्षेप नेहमी ऐकू येतात. ‘एवढ्याशा प्रयोगाला एवढा थाट कशाला?’ हा पहिला. पण सोडिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण दिसते पाण्यासारखेच, आणि डोळ्यात गेल्यास आम्लाइतकीच, कधी अधिक खोल इजा करते. ‘मुले घाबरतील’ हा दुसरा आक्षेप. आमचा अनुभव उलट आहे. आपली काळजी घेतली जात आहे हे कळलेले मूल निर्धास्तपणे प्रयोग करते. तिसरा आक्षेप खर्चाचा. वाढदिवसाच्या एका केकच्या पैशांत दोन-तीन मुलांचे चष्मे येतात, एवढेच त्यावर सांगणे पुरे.

मात्र साधने विकत आणली म्हणजे काम संपले, असे नव्हे. नंबरचा चष्मा बाजूंनी उघडा असतो. तो संरक्षक चष्म्याची जागा घेऊ शकत नाही. मोठ्यांच्या मापाचा चष्मा लहान नाकावरून घसरतो, म्हणून मापही मुलांचेच हवे. दिव्याजवळ नायलॉन वा पॉलिस्टरचा कपडा वितळून त्वचेस चिकटतो. एप्रन सुतीच असावा. केस बांधलेले, ओढणी खोचलेली असावी. डोळ्यात काही उडालेच तर वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टर गाठावा. आणि शिक्षकाने स्वतः चष्मा घातल्यावाचून मुलांना तो घालण्यास सांगू नये.

योग्य साधन निवडणे हेदेखील विज्ञानच आहे. अमेरिकेतील डार्टमाउथ कॉलेजच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांच्या हातांत १९९६ साली हातमोजे होते. तरीही डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्या लॅटेक्सच्या मोज्यांतून आरपार गेले आणि १९९७ साली त्यांचा मृत्यू झाला. कोणत्या पदार्थाला कोणता मोजा, हा प्रश्न विचारण्यास मुलांना शिकवले पाहिजे.

आम्हांस याहून महत्त्वाची वाटणारी बाब पुढेच आहे. आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्यांनी उघड्या हातांनी आणि अनवाणी पायांनी घाण उपसली, कातडी कमावली, दगड फोडले. त्या हातांना मोजे द्यावेत, असे कुणास वाटले नाही. कारण त्या देहांचे मोलच मानले गेले नव्हते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत उतरून त्यांनी कामगारांची स्थिती पाहिली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ३५ व्या कलमाने कामगारांच्या डोळ्यांचे संरक्षण बंधनकारक केले. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. तरीही गटारात गुदमरून माणसे मरतातच. कायदा आहे, तो मागून घेणारा आवाज कमी पडतो.

तो आवाज प्रयोगशाळेत घडतो. ‘सर, चष्मा मिळाला नाही, मी प्रयोग सुरू करणार नाही,’ असे म्हणणारी बारा वर्षांची मुलगी आम्हांस उद्धट वाटत नाही. उद्या ती अभियंता झाली तर कामगाराला साधनांवाचून कामावर चढवणार नाही. कामगार झाली तर साधनांवाचून चढणार नाही. जागरूकतेला आपण अप्रमाद म्हणतो. त्याचा याहून साधा पाठ आम्हांस ठाऊक नाही.

निवासी शाळेत मूल सोडून जाताना आईबाप आपला सर्वांत मोठा ठेवा विश्वासाने दुसऱ्यांच्या हाती देतात. म्हणून माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे : यंदा देणगी देताना एका वर्गाच्या चष्म्यांची आणि एप्रनांची जबाबदारी घ्यावी. पालकांनी सुट्टीत मूल घरी आले की गुणांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : ‘प्रयोग करताना चष्मा घातला होतास ना?’