'आत्मीयता' नाशिकहून मेहसाण्याला आली, हजीऱ्याला कधी?

मन बिघडले की आपण एक तर डॉक्टर शोधतो, नाही तर गप्प बसतो. यांच्यामधली पायरी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरून काढता येते, हे पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या 'सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी'ने दाखवून दिले आहे. त्यांचा 'आत्मीयता' हा उपक्रम २०१३ ते २०१५ मध्ये नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत झाला आणि २०१७ पासून आपल्या गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यात सुरू झाला. नावही बदलावे लागले नाही, शब्द दोन्ही भाषांत तोच.

गावातले 'मित्र' खचलेली, अबोल झालेली माणसे हेरतात. 'चॅम्पियन' म्हणजे थोडे प्रशिक्षण घेतलेले गावकरीच. ते अशा माणसाला चार-सहा वेळा भेटून त्याचे ऐकून घेतात आणि गरज पडल्यास दवाखान्यात पाठवतात. पण मला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते: सरकारी मदतीचे अर्ज भरून घेणे. बँकेत इतकी वर्षे काढल्यावर एवढे कळते, की पेन्शन अडकलेल्या बाईला झोप लागत नसेल तर नुसत्या गोळीने भागत नाही. गुजरातेत विधवांसाठी गंगास्वरूपा योजना आहे, महिन्याला १२५० रुपये. रक्कम छोटी, पण दरमहा हातात येते.

हजीऱ्यात गरज दोन ठिकाणी दिसते. एक टाऊनशिपच्या भिंतीबाहेर. मे २०२० मध्ये मोरा गावात परप्रांतीय कामगार 'घरी जाऊ द्या' म्हणत रस्त्यावर उतरले, तेव्हा ते सगळ्यांना दिसले. एरवी एका खोलीत पाच-सहा जण राहतात, शिफ्टप्रमाणे आळीपाळीने झोपतात, त्यांची चौकशी कोण करतो? दुसरी गरज आपल्यातच आहे. निवृत्तीनंतर कंपनीचे क्वार्टर सुटते, मुले परदेशी, आणि पालमध्ये किंवा अडाजणला घेतलेल्या फ्लॅटमध्ये ओळखीचे कोणी नसते.

'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकेच स्थान दिले आहे. आपली पॉलिसी एकदा काढून वाचा. एजंट हे आपणहून सांगत नाही.

मंडळाला सुरुवात नोव्हेंबरात करता येईल. पेन्शनरांचा हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या निघतो. तेवढ्यासाठी दोघे कार्यकर्ते एकट्या राहणाऱ्या सभासदाकडे गेले, तर काम दहा मिनिटांचे आहे. चहाला तासभर लागू द्यावा.