मधला स्पीकर

वेतन आयोगाची थकबाकी हातात पडली की आम्हा सरकारी माणसांच्या घरात ज्या वस्तू येतात, त्यांत होम थिएटरचा नंबर बराच वर लागतो. आता साउंडबार नावाची पट्टी आली आहे, तरी हौशी माणूस अजून रिसीव्हर आणि पाच-सहा स्पीकरच घेतो. घेतल्यावर तो काय करतो? पाचही स्पीकर शोकेसवर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना पंगतीला बसवल्यासारखे ओळीने मांडतो, मारामारीचा एखादा सिनेमा लावतो, आणि खिडकीची तावदाने थरथरली की धन्य होतो.

या धन्यतेत घरातली म्हातारी माणसे मात्र हळूहळू हॉलमधून बाहेर जातात, याकडे कुणाचे लक्ष नसते. स्फोट झाला की त्यांच्या छातीत धस्स होते, आणि दोन पात्रे बोलू लागली की एक शब्द कळत नाही. "म्हाका कांयच आयकूंक येना," असे आई म्हणते. मग आम्ही म्हणतो, आईचे कान गेले. दोन दिवसांनी ती सोप्यावर जाऊन बसते. कान थोडे गेलेही असतील, नाही म्हणत नाही. पण कानांवर ठपका ठेवण्याआधी आपण मांडलेला बाजार एकदा तपासावा असे माझे स्पष्ट मत आहे.

हा पाच स्पीकरांचा खटाटोप आहे कशासाठी? सिनेमागृहात पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूला दोनच भोंगे ठेवले तर कडेच्या खुर्चीवरच्या माणसाला पात्र पडद्याच्या मध्यावर दिसते आणि त्याचा आवाज मात्र जवळच्या भोंग्यातून येतो. म्हणून मध्ये तिसरा हवा. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या लोकांनी १९३३ साली फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तो तीन वाटांनी. पुढे सिनेमाने त्यात बाजूचे आणि मागचे स्पीकर वाढवले. पण संवादाची जागा मध्येच राहिली. आजच्या ५.१ सिनेमात बहुतेक सगळे बोलणे एकट्या मधल्या स्पीकरातून येते. डावा-उजवा संगीत आणि हालचाल सांभाळतो, मागचे दोन पाऊस, पाखरे, गर्दी असली कामे करतात, आणि तो '.१' म्हणजे सबवूफर, फक्त खर्जाचा धनी.

म्हणजे घरात ज्याला शब्द ऐकायचे आहेत त्याच्यासाठी मधला स्पीकर हाच खरा. आणि आपण नेमका तोच कुठे ठेवतो? शोकेसच्या खालच्या कप्प्यात, आत ढकलून, पुढे गणपतीची मूर्ती आणि भाचीला मिळालेली ढाल! तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढावा, वस्तू हलवाव्यात, आणि खाली असेल तर पुढच्या बाजूला एखादा लाकडी तुकडा घालून त्याचे तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे करावे. एवढ्याने निम्मे काम होते. शिवाय याला पैसा लागत नाही.

डावा आणि उजवा स्पीकर बसायच्या जागेपासून मधल्या रेषेच्या दोन्हीकडे साधारण ३० अंशांवर. सोप्या हिशेबाने, दोघांमधले अंतर आणि आपले त्यांच्यापासूनचे अंतर सारखे. मागचे म्हणतात ते खरे तर पाठीमागे नसतातच. ते बाजूला, किंचित मागे, सुमारे ११० अंशांवर, कानापेक्षा थोडे वर असतात. ज्यांचा सोफा भिंतीला टेकलेला आहे (म्हणजे आपण जवळजवळ सगळेच) त्यांनी ते बाजूच्या भिंतींवर लावले तरी चालते. वायरींची लाल-काळी टोके मात्र सगळीकडे सारखीच जोडावीत. एका ठिकाणी उलट झाली की आवाज पोकळ येतो आणि खर्ज गायब होतो.

मग मोजमाप. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत यायला ९ मिलिसेकंद लागतात, एक मीटरवरच्याला ३. रिसीव्हरला अंतरे सांगितली की जवळच्याला तो तेवढा वेळ थांबवून धरतो. आता बहुतेक रिसीव्हरांबरोबर छोटा मायक्रोफोन येतो. तो बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा आणि यंत्र स्वतःच सगळे मोजते. पण त्या पाच मिनिटांत पंखा बंद हवा, कुकर बंद हवा आणि माणसांची तोंडेही. त्यानंतर मेनूत जाऊन सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवावी. यंत्राने काढलेल्या मापात हात घालू नये म्हणणारे तज्ज्ञ भेटतील. त्यांच्या घरी म्हातारी माणसे बहुधा नसावीत!

रात्रीसाठी 'नाइट मोड' किंवा डायनॅमिक रेंजचा पर्याय असतो. तो मोठे आवाज दाबतो, बारीक वर काढतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तो लावावा आणि सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढावा. कोपऱ्यात खर्ज फुगतो, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना तो तिकीट न काढता ऐकावा लागतो.

टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे एचडीएमआय एआरसीने नेला असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' आहे का तेवढे पाहावे. असेल तर पाचाचे दोनच होतात आणि मागचे मुके राहतात. तिथे 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' हवे. ज्यांच्याकडे मधला स्पीकर नाहीच त्यांनी रिसीव्हरला 'सेंटर नाही' असे सांगावे, म्हणजे बोलणे डाव्या-उजव्यातून येईल. न सांगितल्यास संवाद नसलेल्या स्पीकरकडे जातो. एखादी फाईल रिकाम्या टेबलावर मार्क व्हावी तसे.

खोलीचेही काही आहे. हल्लीची आमची घरे म्हणजे चकचकीत टाइल, मोठ्या काचा आणि रिकाम्या भिंती. शब्द भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दावर पडतो. गालिचा घालावा तर गोव्याच्या पावसात तो कुबट होतो. त्यापेक्षा जाड पडदे, कापडी सोफा, पुस्तकांचे उघडे कपाट. पुस्तकांचा असाही उपयोग आहे. जुन्या कौलारू घरात पावसाळ्यात काही इलाज नाही, कौलांवरचा पाऊस कुठल्याही सबवूफरला भारी असतो. तिथे सबटायटल्स!

सराउंडचे आम्हाला एवढे अप्रूप का, हे मला कोडे आहे. चवथीच्या आरतीत मध्ये उभे राहून पाहा. एका बाजूला घुमट, दुसऱ्या बाजूला शामेळ, मागे कांसाळे, पोरांचा आरडाओरडा चारी बाजूंनी. आणि तरी आरतीचा शब्द समोरूनच येतो, कारण म्हणणारा देवासमोर उभा असतो. त्याची जागा कुणी बदलत नाही.

गाण्यांच्या बाबतीत मात्र मी कडवा आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अंतराळात गेली तीत आमच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ते ध्वनिमुद्रण एकाच वाटेचे, मोनो. जुनी नाट्यपदेही तशीच. रिसीव्हरवरचे 'हॉल' नाहीतर 'स्टेडियम' बटण दाबून त्यांना खोटा घुमारा देणे म्हणजे जुन्या मूर्तीला ऑइलपेंट लावणे. गाण्याला 'स्टिरिओ' किंवा 'डायरेक्ट' हेच बटण. मालिका आणि बातम्या बहुतेक दोनच वाटांनी येतात, त्यांना 'डॉल्बी सराउंड' किंवा जुन्या रिसीव्हरवर 'प्रोलॉजिक' लावावे. दोन्ही बाजूंना सारखे असलेले बोलणे ते उचलून मधल्या स्पीकरात आणते. निवेदिकेचा शब्द न् शब्द कळतो.

ही दोन बटणे एका कागदावर मराठीत लिहून कागद रिमोटच्या पाठीला चिकटवावा : 'गाणी' आणि 'बातम्या'. अक्षर मोठे काढावे, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढे. आणि मे महिन्यात गडगडू लागले की कुणीतरी प्लग काढायला विसरू नये.