पंधरावी बशी

या आठवड्यात पुण्याच्या काकांनी घरच्या ग्रुपवर पुन्हा एकदा तो व्हिडिओ टाकला. जपानी शाळेतली पोरं पांढरे ॲप्रन आणि टोप्या घालून एकमेकांना जेवण वाढतात, निमूट जेवतात, भांडी आवरतात. खाली काकांचा शेरा: ‘याला म्हणतात वळण! तुमची दोघं शिकतायत ना काही?’ आमची दोघं त्या क्षणी सोफ्यावर उभी राहून एका केळ्यावरून मारामारी करत होती.

व्हिडिओ खोटा नाही, काका. पण तो शाळेतला आहे. तीच पोरं रविवारी आईबापांबरोबर हॉटेलात काय करतात, ते तोक्योत राहून मी शेजारच्या टेबलावरून बघत आलेय. टेबलाखाली शिरतात, चॉपस्टिक्सनी पेले वाजवतात, सोया सॉसच्या बाटलीशी झटापट करतात आणि मनासारखं झालं नाही की आपल्याकडच्यासारखीच भोकाड पसरतात. फरक एवढाच, की इथली काही हॉटेलं मुलं अशीच वागणार हे धरून बांधलेली असतात. वळण पोरांना नाही, हॉटेलांना आहे.

आता आमचं शाकाहारी कुटुंब (अंडं चालतं, सासूबाई आल्या की तेही बंद) मुलांना घेऊन जेवायला कुठे जातं? माशांच्या दुकानात. हसा खुशाल. तोक्योतल्या निशी-कासाईत राहतो, भारतीय हॉटेलं हाकेच्या अंतरावर आहेत. पण तिथे ऑर्डर दिल्यापासून नान येईपर्यंत जी वीस मिनिटं जातात, ती माझ्या धाकटीच्या हिशेबात एक युग आहे. फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीच्या दुकानात हे युगच नाही. बसलं की खाणं समोर.

ही युक्ती योशिआकी शिराइशी नावाच्या ओसाकाकडच्या हॉटेलवाल्याची. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्याला ती सुचली आणि 1958 साली हिगाशी-ओसाकात त्याने पहिलं दुकान काढलं. 1970 च्या ओसाका एक्स्पोनंतर ती देशभर पसरली. थोड्या माणसांत जास्त गिऱ्हाइकं निभावावीत, एवढाच त्याचा हेतू. आयांचा दुवा त्याला फुकटात मिळाला.

तिथे आम्ही खातो काय, हा माझ्या मावशीचा प्रश्न. काकडीचे रोल, भातावर मका आणि मेयोनीज, उकडलेल्या एदामामेच्या (कोवळ्या सोयाबीनच्या) शेंगा, फ्रेंच फ्राइज. नवरा नत्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, खातो. मिसो सूपच्या वाटेला जायचं नाही, त्यात माशाचं पाणी असतं. म्हणजे चौघं मिळून माशांच्या दुकानात जाऊन काकडी खातो आणि खूश होऊन घरी येतो.

खूश म्हणजे, अगदीच नाही. कारण आमचं लाडकं दुकान ज्या साखळीतलं आहे, तिथे टेबलाच्या कडेला एक फट असते. रिकामी बशी त्या फटीत टाकायची, ती आतल्या आत वाहत धुवायला जाते. यात वाईट काहीच नाही. वाईट पुढे आहे. पाच बश्या टाकल्या की टेबलाजवळच्या पडद्यावर एक छोटंसं कार्टून सुरू होतं आणि नशीब असेल तर डोक्यावरच्या यंत्रातून एक प्लॅस्टिकचा गोळा खाली पडतो. आत खेळणं. नशीब नसेल तर पुन्हा पाच बश्या.

ज्याच्या डोक्यातून हे निघालं, त्याला घरी लहान मुलं असणार. थोरल्याला पाचाचा पाढा शाळेत जायच्या आधी आला तो इथेच. परवा चौदा बश्यांवर आम्ही सगळे गळ्यापर्यंत भरलो होतो. मी बिल मागवणार एवढ्यात थोरला अत्यंत समजूतदार आवाजात म्हणाला, ‘आई, फक्त एक.’ त्या एका बशीसाठी नवऱ्याने डोळे मिटून काकडी गिळली. बशी फटीत गेली, पडद्यावर कसलीशी शर्यत झाली आणि चक्क गोळा पडला! एकच. मुलं दोन. पुढचं सांगायला नको. वीस बश्यांचा प्रस्ताव आला तेव्हा नवरा पैसे भरायला उठून गेला होता. गोळ्यातून निघालेली कोळंबीच्या आकाराची किल्लीची साखळी सध्या आमच्या बाथरूममध्ये पाण्यात पडलेली असते, तिला कुणी विचारत नाही.

पुण्यात यातलं काही नसतं. रविवारी संध्याकाळी जेवणाऱ्यांच्या खुर्चीमागे उभं राहून ‘झालं का तुमचं’ अशा नजरेनं बघत बसायचं, मग मूल डोशासाठी रडायचं. पण तिथला वेटर त्या रडणाऱ्या मुलाला ‘चल, तुला मासे दाखवतो’ म्हणत कडेवर घ्यायचा आणि गल्ल्यावरचे काका त्याच्या मुठीत बडीशेप कोंबायचे. आई तेवढ्यात दोन घास गरम खायची. इथे सगळं हसतमुख, सगळं वेळेवर, मुलांची खुर्ची न मागता आणून देतात, पण परक्याच्या मुलाला कुणी हात लावत नाही. यंत्रातून गोळा पडतो, माणूस पुढे येत नाही. गरम जेवणाच्या बाबतीत माझं मत अजूनही पुण्यातल्या वेटरला.

असो. सुट्टीत पोरांना घेऊन इकडे येणार असाल तर ॲपवरून वेळ आधी राखून ठेवा, रविवारी दुपारी तसंच गेलात तर बाहेर बाकावर बसावं लागतं. आणि टेबलाच्या आतल्या टोकाला, पट्ट्याच्या बाजूला, चहासाठी कडकडीत पाण्याचा नळ असतो. काळं बटण दाबलं की पाणी सुटतं. हात धुवायचा नळ समजून आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी तो दाबला होता. प्रत्येक मूल पट्ट्याजवळची जागा मागणार, ती देऊ नका. बाहेरच्या बाजूला बसवलेलं मूल पळून जातं हे खरं, पण भाजण्यापेक्षा पळालेलं परवडलं.