शतपावली हवी, पण जेवणही लवकर हवे

सकाळी साडेसहाला घर सोडायचे आणि रात्री आठ-साडेआठला परतायचे, असा दिनक्रम असलेल्या माणसाला डॉक्टर 'रोज सकाळी तासभर चाला' असे सांगतात तेव्हा तो मान डोलावतो, औषधांची चिठ्ठी खिशात घालतो आणि बाहेर पडतो. सल्ला चुकीचा नसतो, पण तो त्याच्या घड्याळात बसत नाही. डोंबिवली-कल्याणहून मुंबई गाठणारे किंवा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पाळी करणारे असे असंख्य नोकरदार आहेत. त्यांच्या हाती उरते ती फक्त संध्याकाळ. 'व्यायाम सकाळचाच खरा' या समजापायी तीही वाया जाते. दिवसभर पोटाला दिलेला ताण मग रात्री दहाच्या ताटावर भरून काढला जातो. पोटाचा घेर वाढतो तो या दोन्ही गोष्टींमुळे.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा असता, तर त्यावर एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभरातील एक लाखाहून अधिक प्रौढांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाभोवतीचा लठ्ठपणा आढळला 39.5 टक्के प्रौढांत, म्हणजे दर दहांपैकी चौघांत. त्वचेखालच्या चरबीपेक्षा यकृत, स्वादुपिंड आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी अधिक घातक असते. ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते आणि मधुमेहाची व हृदयविकाराची वाट मोकळी करते.

यात भारतीयांची एक खास अडचण आहे आणि तिचा शोध पुण्यातच लागला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच लहान होती. त्यांचे स्नायू कमी भरले होते, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र गाजले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3 होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी होती 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर अंगकाठी बारीक असली तरी सावध व्हायला हवे.

संध्याकाळचा व्यायाम दुय्यम असतो, हा समज आता टिकत नाही. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 मध्ये ब्रिटनमधील सुमारे 30 हजार लठ्ठ व्यक्तींच्या नोंदी तपासल्या. मनगटावरच्या यंत्राने त्यांच्या हालचाली टिपल्या होत्या आणि पुढे जवळपास आठ वर्षे त्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेतला गेला. ज्यांची दमवणारी हालचाल मुख्यत्वे संध्याकाळी सहानंतर होत होती, त्यांच्यात मृत्यूचा आणि हृदयविकाराचा धोका सर्वांत कमी आढळला. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही आणि सकाळी चालणाऱ्यांनी आपली वेळ बदलावी असाही याचा अर्थ नाही. ज्याला सकाळ मिळत नाही त्याने व्यायामच सोडून द्यावा याला मात्र काहीही आधार उरत नाही, एवढे नक्की.

संध्याकाळी व्यायाम केला तर झोप उडते, ही भीतीही अतिरंजित आहे. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी 2019 मध्ये 23 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात संध्याकाळच्या व्यायामाने झोप बिघडत असल्याचे दिसले नाही. झोपण्याआधीच्या शेवटच्या तासात धाप लागेल असा जोरदार व्यायाम मात्र टाळावा.

खरी गफलत होते ती व्यायामानंतर. साधारण 70 किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास झपझप चालून खर्च होतात जेमतेम दीडशे कॅलरी. परतीच्या वाटेवरचा एक वडापाव अडीचशे ते तीनशे कॅलरी परत देतो. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी साठलेल्या असतात, हे लक्षात घेतले की नुसत्या चालण्याने महिन्याभरात पोट का उतरत नाही, ते कळते. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही, हेही इथेच सांगायला हवे. शरीर चरबी वापरते ती सगळीकडची, आपण बोट ठेवू तिथली नव्हे.

त्यातून रात्रीचे जेवण उशिरा असेल तर शरीरही साथ देत नाही. रात्र होऊ लागली की मेंदूतून मेलाटोनिन पाझरू लागते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडण्यात हात आखडता घेते. सकाळी खाल्लेल्या पोह्यांनी रक्तातील साखर जेवढी वाढते, त्यापेक्षा तेच पोहे रात्री खाल्ले तर ती अधिक वाढते. बोस्टनमधील एका प्रयोगात 16 वजनदार व्यक्तींना तेच अन्न, तेवढेच, पण सुमारे चार तास उशिरा देण्यात आले. त्यांची भूक वाढली, तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन घटले आणि दिवसभरात खर्च होणारी ऊर्जाही कमी झाली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग लहान असला, तरी अतिशय काटेकोर होता.

तरीही नुसते घड्याळ बदलून चरबी वितळेल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. चीनमधील ग्वांगझू येथे 139 लठ्ठ व्यक्तींना वर्षभर सारखाच कमी आहार देण्यात आला. निम्म्यांनी तो आठ तासांच्या मर्यादेत घेतला, उरलेल्यांना वेळेचे बंधन नव्हते. पहिल्या गटाचे वजन सरासरी आठ किलोंनी, तर दुसऱ्याचे सव्वासहा किलोंच्या आसपास घटले आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. आधी किती खातो ते महत्त्वाचे, मग कधी खातो ते. लवकर जेवणाऱ्याला कमी खाणे सोपे जाते, हा त्याचा मोठा फायदा.

आपल्या घरांत याचे एक उत्तर पूर्वीपासून आहे: शतपावली. वृद्धांवर झालेल्या अमेरिकेतील एका छोट्या अभ्यासात, प्रत्येक जेवणानंतर अर्ध्या तासाने 15 मिनिटे चालण्याने दिवसभराची साखर एकाच वेळी 45 मिनिटे चालण्याइतकीच आटोक्यात राहिली. रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर त्याहूनही चांगली उतरली. कारण साधे आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो. शंभर पावले मात्र पुरत नाहीत, पंधरा मिनिटे तरी हवीत.

नोकरदाराने मग करायचे काय? घरून निघताना आणखी एक छोटा डबा बरोबर घ्यावा. त्यात मूठभर फुटाणे, मोड आलेली मटकी किंवा एखादे फळ असावे आणि ते संध्याकाळी सहाच्या सुमारास खावे. म्हणजे स्टेशनबाहेरच्या तळणाच्या कढईसमोर पाय रेंगाळत नाहीत. एक-दोन थांबे आधी उतरून वीस-तीस मिनिटे झपझप चालावे. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला रेटून जोर, जिने चढणे असे स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत. आपल्याकडे स्नायू मुळातच कमी असल्याने ते टाळून चालणार नाही. रात्रीच्या ताटात भाकरी, उसळ किंवा घट्ट वरण, पालेभाजी आणि कोशिंबीर असावी, भात थोडा कमी. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर राहावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी मात्र संध्याकाळचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. रात्री झोपेत साखर एकदम उतरण्याचा धोका त्यांना असतो.

एवढे सांगूनही एक गोष्ट उरते. घरात सर्वांत उशिरा जेवते ती बहुतेकदा बाई. नोकरीहून येऊन ती स्वयंपाकाला लागते, सगळ्यांना गरम पोळ्या वाढते आणि साडेदहाला उरलेसुरले संपवून मागचे आवरते. तिला 'लवकर जेव, थोडे चाल' असे सांणे सोपे आहे. पोळ्या कोणी लाटायच्या, ओटा कोणी आवरायचा, हे ठरल्याशिवाय त्या सल्ल्याला अर्थ नाही. सगळ्यांनी आठला एकत्र जेवायचे, वाढून घ्यायचे आणि मिळून आवरायचे, एवढा बदल घरातल्या सगळ्यांच्याच कंबरेवर परिणाम करील.

जबाबदारी घराच्या उंबऱ्यावर संपतही नाही. संध्याकाळी चालायचे तर पदपथ हवा आणि त्यावर गाड्या उभ्या नकोत. दिवे लागलेले हवेत, म्हणजे स्त्रियांना साडेआठलाही निर्धास्त चालता येईल. नोकरदार घरी पोहोचायच्या वेळी उद्यानांची फाटके बंद होत असतील, तर ती उद्याने त्यांच्यासाठी नाहीतच. मधुमेहाच्या औषधांवर, डायलिसिसवर आणि हृदयशस्त्रक्रियांवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत रस्त्यावरचे दिवे आणि उद्यानातील एक जादा पाळी फारच स्वस्त पडेल. संध्याकाळचे दोन तास हे कष्टकरी माणसाच्या हातातले उरलेले भांडवल आहे. ते त्याला वापरता येईल अशी सोय करणे घराचे आणि महापालिकेचेही काम आहे.