हातातली तलवार आणि पडद्यावरचा घाव : १६ वर्षं जुना 'रेड स्टील २' आज गडचिरोलीत का आठवतो?

गडचिरोलीत संध्याकाळी कुठल्याही पानठेल्याजवळ थांबा. चार पोरं मोबाईल आडवा धरून बसलेली दिसतील. त्यातला एखादा बोटं कमी आणि मनगटं जास्त हलवतोय, फोन हळूच उजवीकडे वळवतोय, वर उचलतोय. बघणाऱ्याला वाटतं, याला झालंय काय?

त्याला काही झालेलं नाही. तो बीजीएमआय खेळतोय आणि 'जायरो' लावून नेम धरतोय. फोन वळला की पडद्यावरची बंदूक वळते.

ही गोष्ट आज सवयीची झाली आहे. पण हात हलवून बंदूक आणि तलवार चालवायची कल्पना घराघरात नेण्याचा मोठा प्रयत्न २००६ साली झाला होता. त्या गेमचं नाव 'रेड स्टील'. त्याचा दुसरा भाग २०१० मध्ये आला. त्यात काय जमलं आणि काय फसलं, हे कळलं तर आपल्या हातातला फोनही नीट कळतो.

आधी हा गेम काय होता?

निन्टेन्डो या जपानी कंपनीने २००६ च्या शेवटी 'वी' नावाचा कन्सोल आणला. त्याचा कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखा होता. तो हातात धरून हलवायचा. जगभरात १० कोटींहून जास्त वी विकले गेले.

या कन्सोलसोबत पहिल्याच दिवशी बाजारात आलेल्या गेमपैकी एक होता युबिसॉफ्टचा 'रेड स्टील'. बनवला पॅरिसच्या स्टुडिओने. याच कंपनीचा एक स्टुडिओ आपल्या पुण्यातही आहे. रिमोट टीव्हीकडे रोखला की बंदूक, हवेत फिरवला की तलवार. ऐकायला एकदम भारी. १० लाखांहून जास्त प्रती खपल्या, पण खेळणारे वैतागले.

पहिल्या भागात काय चुकलं?

जुन्या रिमोटमध्ये ॲक्सेलरोमीटर होता. हा सेन्सर धक्का, वेगातला बदल आणि कल ओळखतो. मनगट नेमकं किती वळलं, हे त्याला नीट कळत नाही. त्यामुळे तुम्ही तिरका वार केला तरी गेम एवढंच समजायचा की 'काहीतरी हललं'. मग तो आधीच ठरवलेला एखादा वार पडद्यावर दाखवायचा. म्हणजे तलवार तुमच्या हातात, पण चालवणारा गेमच.

दुसऱ्या भागात काय जमलं?

२००९ मध्ये निन्टेन्डोने 'मोशनप्लस' नावाचा छोटा जोड आणला. तो रिमोटच्या खाली लावायचा. त्यात जायरोस्कोप होता. जायरोस्कोप म्हणजे वळण मोजणारा सेन्सर. 'रेड स्टील २' या जोडाशिवाय चालतच नाही.

फरक लगेच जाणवतो. वार आडवा की उभा, हलका की जोराचा, हे गेमला कळतं. चिलखत घातलेल्या शत्रूवर हलकं मनगट फिरवून काही होत नाही, जोर लावावाच लागतो. समोरून उभा घाव आला की तलवार आडवी धरून अडवायची. बंदूक आणि तलवार यांच्यात बदल करायला थांबावं लागत नाही. वाळवंटातलं शहर, काउबॉय आणि सामुराई यांची मिसळ, कार्टूनसारखी रंगसंगती. दिसायलाही गेम आजपर्यंत जुना वाटत नाही.

आणि काय जमलं नाही?

पहिली गोष्ट, तलवारीला वजन नाही. आपल्याकडे मर्दानी खेळात दांडपट्टा फिरवणाऱ्याला विचारा. पात्याचं वजन खांद्याला जाणवतं, घाव बसला की हात थांबतो. २०२४ मध्ये हाच दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. रिमोट मात्र हवेतूनच जातो. पडद्यावर तलवार अडली तरी तुमचा हात पुढे निघून गेलेला असतो. ही अडचण आजच्या व्हीआर गेमनाही पूर्ण सुटलेली नाही.

दुसरी, दमछाक. अर्ध्या तासात खांदा बोलायला लागतो.

तिसरी, कथा पातळ. त्याच त्या गल्ल्या, तीच ती कामं. मित्रासोबत खेळायची सोय नाही.

चौथी सगळ्यात महाग. खेळायला कन्सोल हवा, गेम हवा, वर तो जोडही हवा. वी घरात असूनही ज्यांच्याकडे जोड नाही, ते बाहेरच राहिले. समीक्षकांनी दुसऱ्या भागाला पहिल्यापेक्षा बरंच जास्त उचलून धरलं, तरी तिसरा भाग आजवर आलेला नाही.

मग आपला काय संबंध?

ही चौथी अडचण आज आपल्या खिशात आहे. कमी किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो, पण खरा जायरोस्कोप नसतो. मी कॉलेजात असताना घेतलेल्या पहिल्या फोनमध्ये तो नव्हता. सेटिंग चालू करूनही नेम हलेना, तेव्हा कळलं. दुकानदाराने कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल तीनदा सांगितले होते, याबद्दल एकदाही नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतलं. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स वेगळे ठेवले. म्हणजे हा आता मान्य खेळ आहे. मग एटापल्लीच्या पोराकडे जायरो नसलेला फोन आणि तुटक नेटवर्क असेल, तर पुण्याच्या पोरासमोर तो कौशल्यात हरत नाही, सामानात हरतो. नेटवर्कचा प्रश्न सरकारला माहीत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्याने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोलीचं नाव आहे. फोनमधल्या सेन्सरबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

बंदुकीबद्दल एक गोष्ट

गडचिरोलीत बसून नेमबाजीच्या गेमवर लिहिताना हे टाळता येत नाही. इथे गोळीचा आवाज अनेक घरांनी खरा ऐकलाय. १५ ऑक्टोबर २०२५ ला भूपती आणि त्याच्या ६० साथीदारांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली, ती बातमी आम्ही वाचली नाही, जगलो.

म्हणून पहिल्या 'रेड स्टील'मधली एक गोष्ट मला आवडते. त्यात शत्रूच्या हातातली बंदूक नेमकी टिपून उडवता यायची. मग समोरचे शरण यायचे. हरलेल्या तलवारबाजाला जिवंत सोडायची मुभाही होती. नियंत्रणं कच्ची होती, पण नेम धरणं म्हणजे मारणंच नव्हे, हे त्या गेमला सुचलं होतं. आजच्या मोबाईलवरच्या नेमबाजीत हा पर्याय शोधूनही सापडत नाही.

फोन घेणार असाल तर

कंपनीच्या संकेतस्थळावर सेन्सरच्या यादीत 'जायरोस्कोप' लिहिलंय का बघा. 'व्हर्च्युअल' असं लिहिलं असेल तर तो खरा सेन्सर नव्हे. दुकानात सेन्सर तपासणारं एखादं मोफत ॲप टाकून, फोन हातात फिरवून आकडे हलतात का तेही पाहता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नव्हतं.