झाडाच्या बियाण्याचा हिशेब

पावसाळा आला की आपल्याकडे वृक्षारोपणाचे आकडे जाहीर होऊ लागतात. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. त्यांतील जगली किती, हा प्रश्न पुढे विचारला गेला व तो रास्तच होता. परंतु त्याहून मूलभूत प्रश्न क्वचितच कोणी विचारतो : ती रोपे कोणत्या बियाण्याची होती?

फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील लांद या प्रदेशाचा अनुभव या संदर्भात उद्बोधक ठरावा. वाळू व दलदलीचा हा मुलूख १८५७ च्या कायद्यानंतर सागरकाठच्या पाइन वृक्षांनी व्यापला गेला. हिमालयातील चिडाचा हा भाऊबंद. त्याच्या राळेवर आणि लाकडावर सारा प्रांत जगला. १९४० च्या दशकातील भीषण वणव्यांत हे वन मोठ्या प्रमाणावर जळाले. पुनर्लागवडीच्या वेळी काही भागांत पोर्तुगालकडचे बी वापरण्यात आले. झाडे उगवली, वाढली; कोणास शंका आली नाही. जानेवारी १९८५ च्या कडाक्याच्या थंडीत मात्र स्थानिक वाणाची झाडे बहुतांशी तगली आणि त्या परक्या बियाण्याची हजारो हेक्टर झाडे मरून गेली. चूक होणे आणि ती उघडकीस येणे, यांत एका पिढीचे अंतर पडले होते. सरळ व जोमदार झाडे निवडून बीजबागा उभारण्याचे जे संशोधन तेथे १९६० च्या दशकापासून चालत आले आहे, त्याचे मोल अशा वेळी कळते.

आमच्या दिंडोरीच्या द्राक्षबागाइतदाराला खुंट कोणता घ्यावा, हे नेमके ठाऊक असते. खुंट चुकला तर दोन-तीन हंगामांत बाग सांगते. बांधावरचा साग मात्र पन्नास वर्षे काही बोलत नाही. जेथे मालाची परीक्षा इतकी लांबते, तेथे बाजारातील किंमत गुणवत्तेची ग्वाही देऊ शकत नाही. विकणारा निश्चिंत राहतो आणि घेणारा फसतो.

नाशिक जिल्ह्याने वनशेतीचा प्रयोग पूर्वीच केला आहे. १९८० च्या दशकात विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने येथील शेतकऱ्यांनी निलगिरी लावली व त्यासाठी सहकारी संस्थाही स्थापन केली. संघटन होते, जिद्द होती. परंतु त्या काळी देशात रूढ असलेल्या निलगिरीच्या बियाण्यापासून एकाच शेतात एक झाड उंच, तर शेजारचे खुरटे, अशी विषमता येत असे. पुढे भद्राचलमच्या कागद गिरणीने निवडक झाडांच्या फांद्यांपासून रोपे तयार केली, तेव्हा उत्पन्नात लक्षणीय वाढ झाली. शेतकऱ्याच्या कष्टाला संशोधनाची जोड उशिरा मिळाली, हाच याचा अर्थ.

असे संशोधन एकट्या शेतकऱ्याला परवडणारे नाही. त्याचा लाभ सर्वांस मिळतो, म्हणून खर्चही सार्वजनिक तिजोरीतूनच व्हावयास हवा. निदान प्रत्येक रोपवाटिकेने रोपाबरोबर बियाण्याचा उगम लेखी द्यावा. तालुक्यात एखादे प्रयोगक्षेत्र असावे आणि झाडांचा घेर व उंची दरवर्षी मोजून नोंदवहीत लिहिली जावी. हे काम आपल्या शाळा-महाविद्यालयांनाही करता येण्याजोगे आहे. अधिकारी बदलतात, योजनांची नावे बदलतात. नोंदवही राहिली, तर पुढल्या पिढीला आपली चूक तरी वाचता येईल.