पोळा हवा, पोळ्या नकोत!

समजा टेबलावर निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा पडलाय आणि बाई तुम्हांला म्हणाल्या, "यातला शेत आणि बैल यांच्याबद्दलचा निबंध काढून दे बघू." तुम्ही काय कराल? वह्या चाळाल, दोन-चार ओळी वाचाल आणि बरोबर वही बाईंच्या हातात ठेवाल. चाळीस वह्या असल्या तर हे जमेल. पण चाळीस लाख असल्या तर? मग संगणकाला हाक मारावी लागते. आता गंमत अशी, की संगणकाने शेत पाहिलेलं नाही नि बैलही नाही. त्याला येते बेरीज, येतो गुणाकार. एवढ्यावर तो निबंध शोधतो कसा?

आधी तो शब्द मोजतो. आपण चारच निबंध घेऊ आणि चारच शब्द. कोणता शब्द कुठे किती वेळा आला, ते असं मांडू:

निबंध : पाऊस, शेत, बैल, चेंडू
पावसाळा : ४, १, ०, ०
माझे शेत : २, ३, २, ०
बैलपोळा : १, १, ६, ०
क्रिकेटचा सामना : ३, ०, ०, ६

(सामन्यात पाऊस तीनदा आलाय. बिचारे खेळणारे!)

उभ्या-आडव्या ओळींत मांडलेल्या अंकांच्या अशा चौकटीला गणितात 'मॅट्रिक्स' म्हणतात. हे नाव इंग्लंडचे गणिती जेम्स सिल्व्हेस्टर यांनी १८५० मध्ये दिलं. ही आजोबांची 'मॅट्रिक'ची परीक्षा नव्हे, घाबरू नका.

आता बाईंचा प्रश्नही आकड्यांत लिहू. शेत हवं, बैल हवा. पाऊस आणि चेंडू यांची विचारणा नाही. म्हणून ०, १, १, ०. ही ओळ प्रत्येक निबंधाच्या ओळीशी जोडीजोडीने गुणायची आणि गुणाकारांची बेरीज करायची. 'माझे शेत'चं पाहा: २×०, ३×१, २×१, ०×०. बेरीज ५. तशीच 'बैलपोळा'ची ७, 'पावसाळा'ची १ आणि सामन्याची भलीमोठी ०.

म्हणजे 'बैलपोळा' पहिला? थांबा! त्या निबंधात शेत एकदाच आलंय. बैल, बैल करून त्याने गुण मिळवलेत. पानभर एकच शब्द लिहिणाऱ्याला पहिला नंबर द्यायचा का? मी तरी देणार नाही.

इथे आलेख कागद काढा. आडव्या अक्षावर शेत, उभ्या अक्षावर बैल. 'माझे शेत'चा बिंदू (३, २), 'बैलपोळा'चा (१, ६) आणि बाईंच्या प्रश्नाचा (१, १). आरंभबिंदूपासून प्रत्येक बिंदूपर्यंत बाण काढा. पोळ्याचा बाण लांब आहे खरा, पण तो जवळजवळ सरळ वर चाललाय. शेताचा बाण मात्र प्रश्नाच्या बाणाला बिलगून आहे. बाण किती लांब आहे हे विसरायचं, तो कुठल्या दिशेला आहे एवढंच बघायचं!

त्यासाठी मिळालेल्या बेरजेला बाणाच्या लांबीने भागतात. लांबी काढायची पायथागोरसच्या रीतीने: ओळीतल्या प्रत्येक अंकाचा वर्ग, त्यांची बेरीज आणि तिचं वर्गमूळ. (वर्गमूळ शिकला नसाल तर ताईला पकडा.) 'माझे शेत'ची लांबी १७ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.१२. पाच भागिले ४.१२, आले १.२१. 'बैलपोळा'ची लांबी ३८ चं वर्गमूळ, सुमारे ६.१६. सात भागिले ६.१६, आले १.१४. नंबर बदलला! तुम्ही डोळ्यांनी जी वही काढली असती, तीच गणितानेही काढली.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेरार्ड सॉल्टन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी ही रीत वर्षानुवर्षं घोटली. त्यांच्या शोधयंत्रणेचं नाव होतं 'स्मार्ट'. बाणांची ही कल्पना मांडणारा त्यांचा आणि दोन सहकाऱ्यांचा लेख १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, १९७२ मध्ये, इंग्लंडमधल्या कॅरन स्पार्क जोन्स या बाईंनी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली होती: जो शब्द सगळीकडेच सापडतो, त्याची किंमत कमी धरा. आपल्या चौकटीत पाऊस चारही निबंधांत आहे. मग 'पाऊस असलेला निबंध आण' म्हटल्यावर कोणता आणणार? चेंडू एकाच निबंधात आहे, म्हणून तो नेमकं बोट दाखवतो. आणि 'आहे', 'आणि', 'पण' असले शब्द तर मोजायच्या आधीच बाजूला काढले तरी चालतात.

पण मोजायच्या आधी मराठीत एक मोठी अडचण उभी राहते, आणि ती आपली आपल्यालाच सोडवायला हवी. 'पाऊस' चार वेळा आला असं मी सांगितलं. खऱ्या निबंधात तो 'पाऊस', 'पावसात', 'पावसाने', 'पावसाला' असा येतो. तुम्हांला तो एकच वाटतो. संगणकाला ते चार निराळे शब्द वाटतात. शब्दाला प्रत्यय लागताना त्याचं रूप बदलतं, त्याला सामान्यरूप म्हणतात ना? व्याकरणाच्या तासाला ते आलं की अर्धा वर्ग जांभया देतो! पण ते संगणकाला कोणी नीट शिकवलं नाही, तर 'पाऊस' शोधणाऱ्या मुलाला 'पावसात' असलेला चांगला लेख दिसणारच नाही. लेख असेल, पण नसल्यासारखा. इंग्रजीसाठी शेपट्या छाटून मूळ शब्द काढायची एक रीत मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्येच प्रसिद्ध केली. मराठीत नुसतं छाटून भागत नाही. 'पावसात' मधला 'त' काढला तरी 'पावसा' उरतो, 'पाऊस' नाही.

त्यात आपली भाषा खट्याळ. 'पोळ्याला पोळ्या केल्या.' पहिला पोळ्या सणाचा, दुसऱ्या पोळ्या ताटातल्या! पोळ्याची माहिती मागितली आणि पुरणाची कृती हातात आली तर नवल नाही. इथे शब्दाची सोबत बघावी लागते. जवळपास बैल, शिंगं, झूल असली तर सण. पुरण, कणीक, तूप असलं तर ताट. शब्दांची सोबत गणिताने ओळखायची एक रीत पाच संशोधकांनी १९९० मध्ये मांडली. त्यात मोठी चौकट दाबून लहान करतात, आणि एकमेकांच्या संगतीत वावरणारे शब्द जवळजवळ येतात. एका निबंधात 'बैल' आणि 'नांगर' आहे, दुसऱ्यात 'खिल्लारी' आणि 'नांगर'. मग बैल शोधताना खिल्लारीवाला निबंधही सापडू शकतो, त्यात बैल हा शब्द नसला तरी!

आता एक काम तुमच्याकडे. पाचवा निबंध आलाय, 'मामाचे गाव': पाऊस १, शेत २, बैल २, चेंडू १. बाईंचा प्रश्न तोच, शेत आणि बैल. या निबंधाची बेरीज 'माझे शेत'पेक्षा कमी भरेल. पण लांबीने भागल्यावर त्याचा नंबर कितवा? आधी बाण काढून अंदाज करा आणि मगच भागाकाराला बसा.